वळिवड्याची छावणी आणि ‘आपले माणूस’ ठरवणारे कायदे

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलात की गूळ मार्केटनंतर वळिवडे हे छोटे स्टेशन लागते. शेजारीच गांधीनगर. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या आपल्या घरांना हे नाव बस्त्यामुळे पाठ आहे. लग्न ठरले की एक दिवस गांधीनगरला जायचे, हे ठरलेलेच. ज्या जागी आज कापडाचे तागे उलगडले जातात, तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच अधिक. धडधाकट पुरुष जवळजवळ नव्हतेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी पोलंडची राजधानी वॉर्सा येथील कोल्हापूरच्या स्मारकाला वंदन केले. तेव्हापासून वर्तमानपत्रांतून या छावणीविषयी बरेच लिहून आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, कोल्हापूर संस्थानाने वळिवड्याला जागा दिली, लोकांनी माया लावली, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण पाहुणचाराची गोष्ट नेहमी यजमानाच्या तोंडून येते. पाहुण्याला रोज सकाळी उठल्यावर काय हवे होते, हे तिच्यात सहसा येत नाही. वळिवड्याच्या बायकांना आपली माणसे हवी होती. कुणाचा नवरा इटलीत लढत होता, कुणाचा मुलगा इराकमध्ये होता, कुणाची बहीण कझाकस्तानात मागे राहिली होती, आणि कुणाला आपले माणूस जिवंत आहे की नाही एवढेच कळायला हवे होते. ही ताटातूट कशी झाली आणि पुढे कुणाची भेट झाली, कुणाची झाली नाही, एवढाच भाग मी येथे मांडणार आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. दोघांनी आधीच करार करून देश वाटून घेतला होता. वळिवड्याला पुढे आलेले लोक बहुतेक या पूर्व भागातले. त्या भागाला पोलिश भाषेत ‘क्रेसी’ म्हणतात. या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधावा लागत नाही. आपण ज्याला सीमाभाग म्हणतो, तेच.

१० फेब्रुवारी १९४० च्या रात्री या सीमाभागात घरोघरी दारे ठोठावली गेली. जंगल खात्यातले नोकर, पहिल्या महायुद्धानंतर तिथे जमिनी मिळालेले निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांना थोड्या वेळात सामान बांधायला सांगून मालगाडीच्या डब्यांत चढवले गेले. एकट्या या खेपेत सुमारे १ लाख ४० हजार माणसे उत्तर रशिया आणि सायबेरियाकडे नेली गेली. आणखी तीन खेपा त्यानंतर झाल्या. त्यांतली दुसरी, एप्रिल १९४० ची, आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेले पोलिश अधिकारी तेव्हा तीन मोठ्या छावण्यांत कैद होते. त्यांत राखीव दलातले डॉक्टर, शिक्षक, वकील, इंजिनिअर खूप होते. घरी पत्रे लिहिण्याची थोडीफार मुभा त्यांना होती. मार्च १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी या कैद्यांच्या घरच्यांची नावे आणि पत्ते गोळा केले. घरात कोण कोण आहे, कुठे राहतात, वय काय, अशी रीतसर यादी झाली. एप्रिलमध्ये त्या यादीबरहुकूम त्यांच्या बायकामुलांना उचलून कझाकस्तानच्या उजाड माळावर नेण्यात आले. ही माणसे सुमारे ६१ हजार. आणि याच आठवड्यांत तिकडे कातिनच्या जंगलात व इतर ठिकाणी त्या अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या जात होत्या. अशा रीतीने मारलेल्यांची एकूण संख्या सुमारे २२ हजार भरते. नवऱ्याच्या पत्रांची वाट पाहणाऱ्या बायकांना एवढेच दिसले की वसंत ऋतूनंतर पत्रे बंद झाली.

कुटुंबाची यादी ही गोष्ट पुढे या लोकांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येणार होती. कधी ती त्यांना वाचवणार होती, कधी वगळणार होती. पण पहिली यादी झाली ती त्यांना उखडून टाकण्यासाठी, हे लक्षात ठेवायला हवे. निर्वासित माणूस कुटुंबाची माहिती द्यायला का बिचकतो, असा प्रश्न मदत करणाऱ्यांना नेहमी पडतो. त्याचे उत्तर अशा ठिकाणी सापडते.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि एका रात्रीत पोलंड हा स्टालिनचा मित्रदेश झाला. ३० जुलै १९४१ रोजी करार झाला आणि हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांना ‘माफी’ जाहीर झाली. गुन्हा काहीच केलेला नसताना माफी! जनरल अँडर्स यांच्या हाताखाली रशियातच पोलिश सैन्य उभे राहू लागले. बातमी ऐकून छावण्यांतून आणि सामुदायिक शेतांवरून माणसे हजारो मैल दक्षिणेकडे निघाली. गाडीत, गाडीच्या छपरावर, पायी. वाटेत ताटातूट झाली ती निराळीच. स्टेशनावर पाणी आणायला उतरलेली आई आणि तेवढ्यात सुटलेली गाडी, हा प्रसंग पोलिश आठवणींतून वारंवार भेटतो. ज्यांनी आपली फाळणी पाहिली त्यांना तो नवा नाही.

मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ अशा दोन खेपांत या सैन्याला कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात जाऊ देण्यात आले. सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली, त्यांत सुमारे ३७ हजार नागरिक. उखडल्या गेलेल्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे. सोव्हिएत सरकारला सैन्य बाहेर काढायला हरकत नव्हती, पण नागरिकांना जाऊ द्यायचे तर सैनिकाचे कुटुंबीय म्हणूनच. शिवाय पोलिश नागरिक कोण, याची व्याख्याही त्यांनी आवळली. ज्यू, युक्रेनियन, बेलारुशियन वंशाच्या माणसांना पोलिश मानायचे नाही असे ठरले. त्यामुळे शेजारी शेजारी हद्दपारी भोगलेल्या दोन घरांपैकी एक जहाजावर चढले, दुसरे किनाऱ्यावर राहिले. सैनिक घरात असणे ही सुटकेची किल्ली झाली. तीच अट पाच वर्षांनी इंग्लंडच्या कायद्यात निराळ्या रूपात पुन्हा भेटेल.

या अटीपायी काही आयांनी जे केले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या घरात सैनिक नव्हता, किंवा बापाचा पत्ता नव्हता, त्या घरातल्या आयांनी आपली मुले पोलिश अनाथाश्रमांत नेऊन सोडली. अनाथाश्रम बाहेर निघणार हे माहीत होते. मूल अनाथ आहे असे सांगितले म्हणजे त्याची जागा पक्की. मुलांनाही तसेच सांगायला शिकवले. म्हणजे बालाचडीला आलेल्या ‘अनाथ’ मुलांतली काही खरोखर अनाथ नव्हती. त्यांची आई उझबेकिस्तानात किंवा कझाकस्तानात जिवंत होती, निदान त्यांनी पाहिली तेव्हा होती. आम्हा होमिओपॅथी करणाऱ्यांना केस-पेपर भरताना आईवडिलांविषयी, भावंडांविषयी खोदून विचारावे लागते, आणि लहान मूल त्या प्रश्नाला अडखळले की पेन थांबते. बालाचडीच्या मुलांचे केस-पेपर भरणाऱ्यांचे काय झाले असेल? मुलाने शिकवलेले उत्तर दिले तर ते लिहायचे, आणि खरे उत्तर दिले तर त्याला परत पाठवण्याचा हक्क कुणाला तरी मिळायचा.

इराणमधून ही माणसे जगभर विखुरली गेली. पूर्व आफ्रिकेत टांगानिका, युगांडा, केनिया; न्यूझीलंडमध्ये पहिआटुआ, जिथे ७३३ मुले १ नोव्हेंबर १९४४ रोजी पोहोचली; मेक्सिकोत लिऑनजवळचे सांता रोसा. मेक्सिकोला गेलेली आणि न्यूझीलंडला गेलेली मुलेही मुंबई बंदरातूनच पुढे गेली. हिंदुस्थानात राहिलेल्यांसाठी वळिवडे. १९४३ च्या पावसाळ्यापासून लोक येऊ लागले. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौले अशा लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला दोन लहान खोल्या आणि पुढे पडवी. शाळा, हायस्कूल, चर्च, दवाखाना, पोस्ट, नाटकघर, स्काउट पथक, सगळे होते. खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची. छातीचे दुखणे असलेल्या मुलांना पाचगणीला पाठवत. मुंबईतले पोलिश वकील बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी या सगळ्यासाठी अपार खस्ता खाल्ल्या. किराबाई पुढे परत गेल्याच नाहीत. उत्तरायुष्य त्यांनी हैदराबादला काढले.

छावणीतली सर्वांत महत्त्वाची इमारत कोणती, असे मला कुणी विचारले तर मी चर्च म्हणणार नाही, शाळाही म्हणणार नाही. पोस्ट म्हणेन. सैन्यातल्या माणसांची पत्रे लष्करी टपालाने येत, इराकहून, पॅलेस्टाइनहून, मग इजिप्त आणि इटलीहून. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातला पोलिश माणूस’, या नावाचे पत्र निघे. जगभरच्या छावण्यांतल्या माणसांच्या याद्या रेडक्रॉसमार्फत फिरत. जिनिव्हाला रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने युद्धकैद्यांसाठी मध्यवर्ती कचेरी उघडली होती. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे ३ कोटी ६० लाख कार्डे जमली. कुणी चौकशी केली की एक कार्ड, कुठून माणसाची खबर आली की दुसरे कार्ड, आणि दोन्ही अक्षरक्रमाने एकाच खणात. नावाचे स्पेलिंग चुकले तरी जवळचे कार्ड हाताला लागावे, अशी रचना. दोन कार्डे शेजारी आली की घर जोडले गेले.

पण या यंत्रणेला एक मोठे भोक होते. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या करारावर सोव्हिएत रशियाची सही नव्हती, त्यामुळे तिथून जिनिव्हाला याद्या येतच नव्हत्या. कातिनच्या विधवांची चौकशीची कार्डे खणात पडून राहिली, शेजारी दुसरे कार्ड आलेच नाही. डिसेंबर १९४१ मध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की यांनी क्रेमलिनमध्ये स्टालिनला तोंडावर विचारले, आमचे हजारो अधिकारी कुठे आहेत? ते पळून गेले असतील, मांचुरियात वगैरे, असे उत्तर मिळाले. एप्रिल १९४३ मध्ये जर्मन रेडिओने कातिनच्या थडग्यांची बातमी दिली. वळिवड्याच्या बराकी उभ्या राहत होत्या त्याच महिन्यांतली ही गोष्ट. शत्रूच्या रेडिओवर विश्वास ठेवायचा की नाही, हेही त्या बायकांना ठरवावे लागले.

ज्यांची पत्रे येत होती त्यांचे पुरुष आपल्यापासून किती जवळ होते, हे बेळगावकरांनी तरी ध्यानात घ्यावे. बेळगावात ज्यांचे केंद्र आहे त्या मराठा पलटणी आणि पोलिश दुसरी कोअर या दोन्ही इटलीत ब्रिटिश आठव्या सैन्यात होत्या. मे १९४४ मध्ये माँते कासिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी घेतला, तेव्हा खाली नदीपलीकडे आठवी हिंदी डिव्हिजन लढत होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच दिवशी त्याच चढाईत पोलिश कोअरही त्या नदीवर होती. म्हणजे आपल्याकडचा जवान आपल्या गावी पत्र लिहीत होता, आणि त्याच मुलुखातून एखादा पोलिश सैनिक आपल्या बायकोला वळिवडे, कोल्हापूर संस्थान, असा पत्ता घालत होता.

युद्ध संपले आणि खरा पेच पडला. याल्टाच्या परिषदेत क्रेसीचा मुलुख सोव्हिएत रशियाला देऊन टाकण्यात आला होता. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधले पोलिश सरकार कागदावरून पुसले गेले. वळिवड्याचा खर्च करणारे सरकारच राहिले नाही. छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे गेला आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता. युद्ध संपले, घरी का जात नाही? पण ल्वूफचे घर आता सोव्हिएत युक्रेनमध्ये होते. घर जागचे हलले नव्हते, सीमा त्याच्यावरून सरकून गेली होती. सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही, मात्र आपल्या वाट्याला मालगाडीचे डबे आले नाहीत, एवढा फरक मनात ठेवूनच तुलना करावी.

काही शे माणसे पोलंडला परत गेली, कारण तिथे त्यांचे कुणी सापडले होते. बाकीच्यांनी नकार दिला. तिकडे इटलीत आणि ब्रिटनमध्येही तेच झाले. ब्रिटिश हुकमतीखालच्या दोन लाखांहून अधिक पोलिश सैनिकांना परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांचे पत्र वाटण्यात आले, मायदेशी परत जा म्हणून. बहुतेकांनी ते खिशात घातले. तेव्हा १९४६ मध्ये ब्रिटनने पोलिश पुनर्वसन दल काढले. सैनिकाने दोन वर्षांसाठी त्यात नाव घालायचे, पगार चालू राहील, तेवढ्या मुदतीत इंग्रजी शिकून नागरी काम शोधायचे. मार्च १९४७ मध्ये संसदेने पोलिश पुनर्वसन कायदा केला. राहण्याच्या छावण्या, भत्ते, शिक्षण, औषधोपचार, हे सगळे त्यात आले. मोठ्या संख्येने परकी माणसे वसवण्यासाठी ब्रिटनने केलेला हा पहिला कायदा मानला जातो, आणि माझ्या मते तो बऱ्याच अंशी चांगला कायदा होता. माणसाला नुसते आत घेतले नाही, त्याच्या मागच्या माणसांनाही बोलावले.

मात्र कोणाला? सैनिकाच्या बायकोला, मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या नातलगांना. वळिवड्यात १९४७ साली अर्ज भरले जाऊ लागले तेव्हा सगळी छावणी या एका प्रश्नापाशी येऊन थांबली: तुमचा सैन्यात कोण आहे? ज्या बाईचा नवरा अँडर्सबरोबर निघाला होता तिची वाट मोकळी झाली. ज्या आईचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा वळिवड्याच्या शाळेतून आरमाराच्या किंवा विमानदलाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेला होता, तिला त्या मुलाच्या नावावर जाता आले. ज्या आयांनी पोरगा युद्धावर जातो म्हणून डोळे गाळले होते, त्याच पोराने त्यांना तारले.

पण कातिनमध्ये मेलेला अधिकारी ब्रिटिश हुकमतीखाली कधीच आला नव्हता. सायबेरियाच्या लाकूडतोडीत मेलेला जंगलरक्षकही नाही. ज्या बाईने सर्वांत जास्त गमावले होते, तिच्यापाशी दाखवायला कागद सर्वांत कमी होता. आणि पोलिश छावण्यांत असे घर बरेच होते की ज्यात रक्ताचे नाते नव्हते. कझाकस्तानात मेलेल्या शेजारणीचे मूल पदराशी घेतलेली बाई, भावजयीची लेक वाढवणारी नणंद. सहा-सात वर्षे एका ताटात जेवलेली ही माणसे कागदाला एकमेकांची कुणी लागत नव्हती. ही सैनिकांची सोय म्हणून आखलेली योजना होती. निर्वासित बाई तिच्यात सैनिकाच्या मागून आली, स्वतःच्या दुःखाच्या हक्काने नाही. या योजनेची थोरवी आणि तिची मर्यादा दोन्ही याच एका गोष्टीत आहेत, असे मला वाटते.

तरीही १९४७-४८ मध्ये वळिवड्याची बहुसंख्य माणसे मुंबईहून जहाजाने इंग्लंडला गेली. देश स्वतंत्र झाला होता, इंग्रज निघाले होते, छावणी मिटवायची होती. आफ्रिकेतून, मध्यपूर्वेतूनही जहाजे निघत होती. यांतली एक लहानशी तुकडी फार विलक्षण वाटेने गेली. १९४३ साली मुंबईहून मेक्सिकोला नेलेल्या पोलिश लोकांपैकी ६६ बायका-मुले १९४८ मध्ये टाम्पिको बंदरात एका ब्रिटिश जहाजावर चढली. ते जहाज म्हणजे ‘एम्पायर विंड्रश’. वेस्ट इंडिजमधून आलेल्या कामगारांचे जहाज म्हणून ब्रिटनच्या इतिहासात त्याचे नाव अजरामर झाले आहे. जून १९४८ मध्ये ते टिलबरीला लागले तेव्हा फोटो निघाले ते जमैकाच्या तरुणांचे. सायबेरिया, इराण, मुंबई आणि मेक्सिको करून त्याच जहाजातून आलेल्या त्या ६६ जणींची आणि मुलांची फारशी कुणी दखल घेतली नाही.

भेटी कशा झाल्या? सिनेमात दाखवतात तशा थोड्या. १९३९ मध्ये दोन वर्षांचे असलेले मूल आता दहा वर्षांचे होते. धक्क्यावरचा गणवेशातला माणूस हा आपला बाप, हे त्याला सांगावे लागले. मुलाची पोलिश भाषा छावणीतली, खाण्याच्या सवयी निम्म्या हिंदुस्थानी. नवऱ्याने बायकोला शेवटचे पाहिले तेव्हा ती पंचविशीत होती; मधल्या काळात तिने टायफस, उपासमार आणि मलेरिया काढला होता. काही सैनिकांनी, बायको मेली असे समजून किंवा न समजूनही, इटलीत दुसरी लग्ने केली होती. राहायला मिळाले ते सैन्याने सोडलेल्या तळांवरचे अर्धगोल पत्र्याचे निसेन झोपडे, वेल्समध्ये पेनरोस, ग्लॉस्टरशायरमध्ये नॉर्थविक पार्क, अशा ठिकाणी. वळिवड्याच्या उन्हातून आलेल्यांना त्या पत्र्याखालचा हिवाळा कसा वाटला असेल! पण दाराला आतून कडी होती आणि कडीच्या आत सगळे होते. कित्येक कुटुंबे अशा छावण्यांत वर्षानुवर्षे राहिली. १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये पोलंडमध्ये जन्मलेली माणसे १ लाख ६२ हजारांवर भरली, १९३१ मध्ये ती ४५ हजारांच्या आत होती.

ज्यांचा सैन्यात कुणीच नव्हता अशांपैकी अनेकांना वळिवड्याहून पूर्व आफ्रिकेच्या छावण्यांत हलवले गेले, पुन्हा एका बराकीतून दुसऱ्या बराकीत. तिथून फेब्रुवारी १९५० मध्ये ‘जनरल लँगफिट’ या जहाजाने सुमारे बाराशे पोलिश माणसे ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरली. ती योजना निराळ्या तत्त्वावर चालली. तिला कामकरी हात हवे होते. टांगानिकातल्या टेंगेरू छावणीतली सुमारे दीडशे अनाथ मुले १९४९ मध्ये कॅनडाला नेली गेली, तेव्हा पोलंडच्या सरकारने ही आमची मुले पळवली म्हणून आंतरराष्ट्रीय ओरड केली. त्या ओरडीत राजकारण होते हे खरे. तरी एखाद्या मुलाची आई पोलंडमध्ये किंवा रशियात खरोखर जिवंत असेल तर काय, हा प्रश्न राजकारणाने खोटा ठरत नाही. माझ्याकडे त्याचे सरळ उत्तर नाही. मुलाच्या वतीने कोण बोलणार, याचे ते भांडण होते, आणि मूल मोठे होईपर्यंत ते सुटणार नव्हते.

सोव्हिएत हद्दीत अडकलेल्यांची वाट सर्वांत लांब. १९४४ ते १९४६ या काळात दहा लाखांहून अधिक पोलिश माणसे जुन्या पूर्व भागातून नव्या पोलंडात आणली गेली. पण कझाकस्तान-सायबेरियातली अनेक राहूनच गेली. स्टालिन १९५३ मध्ये मेला, त्यानंतर १९५५ ते १९५९ या वर्षांत दुसरी परतपाठवणी झाली आणि सुमारे अडीच लाख माणसे पोलंडला पोहोचली. तोवर लंडनमध्ये असलेल्या मुलीचे लग्न होऊन तिला मुले झाली होती. १९५६ नंतर पोलंडमधून परदेशी जाण्याचा पासपोर्ट थोडा सुलभ झाला, तेव्हा सतरा-अठरा वर्षांनी आई लेकीकडे चार महिन्यांसाठी येऊ शकली. काहींनी त्या भेटी आयुष्यभर पुरवल्या. कातिनच्या बायकांना मात्र एप्रिल १९९० पर्यंत थांबावे लागले, जेव्हा मॉस्कोने पहिल्यांदा कबूल केले की हे आमच्याच पोलिसांनी केले. तोपर्यंत वाट पाहणाऱ्या बहुतेक जणी गेल्या होत्या.

या सगळ्या अनुभवानंतर जगाने १९५१ मध्ये जिनिव्हाला निर्वासितांचा करार लिहिला. तुम्ही तो उघडून पाहिलात तर नवल वाटेल. निर्वासिताच्या कुटुंबाला एकत्र आणण्याविषयी त्याच्या कलमांत स्वतंत्र हक्क नाही. परिषदेने समारोपाच्या दस्तऐवजात तशी शिफारस केली, एवढेच. त्यामुळे पुनर्वसन योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे आजही घेणारा देश ठरवतो. बायको आणि अज्ञान मुले बहुतेक ठिकाणी येतात. म्हातारे आईवडील, सज्ञान झालेला मुलगा, पदराशी वाढवलेली पुतणी यांच्यापाशी अर्ज अडतो. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला ही व्याख्या फारच आखूड वाटेल.

वळिवड्याच्या माणसांपैकी काही परतली नाहीत, कारण ती कोल्हापुरातच दफन झाली. त्यांच्या कबरी आहेत. काही मुलींनी इथेच लग्ने केली आणि मराठी घरांतल्या सुना झाल्या. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. इंग्लंडमध्ये ‘भारतातले पोलिश’ म्हणून या लोकांनी मंडळ काढले, अनेक वर्षे ठराविक काळाने ते एकत्र जमत राहिले, आठवणींचा मोठा ग्रंथही काढला. एकमेकांना ते वळिवड्याच्या ओळखीने ओळखत, पोलंडमधल्या गावाच्या ओळखीने तितके नाही.

आणि रिकाम्या बराकी? १९४८ मध्ये पोलिश माणसे गेली आणि सिंधमधून आलेली कुटुंबे त्याच खोल्यांत उतरली. तेच आजचे गांधीनगर. त्यांचीही माणसे वाटेत सुटली होती, कुणी कल्याणच्या छावणीत, कुणी राजस्थानात, कुणी अजून कराचीत. कापडाच्या व्यवहारामुळे माझी ज्या जुन्या सिंधी मंडळींशी ओळख झाली, ती सांगत की नवा माणूस स्टेशनावर उतरला की आधी त्याला गाव विचारायचे, मग आडनाव, मग वाटेत कोण कोण भेटले ते. अशा विचारपुशीतून एकाला आपला चुलता सापडला, बराक क्रमांक माहीत नव्हता म्हणून तो तीन दिवस त्याच वसाहतीत शोधत होता.